चिल्ल्याचे चाळीस दिवस आणि दारात उभी आशाताई

चिल्ला पूर्ण होण्याच्या आत आशाताईला जच्चेच्या खोलीत घ्यावे की नाही, अशी विचारणा वाचक भगिनींकडून आमच्याकडे वरचेवर होते. विचारण्यामागची कारणे वेगवेगळी असतात. कुणाला नापाकीची काळजी असते, कुणाला नजरेची. कुणाला वाटते, परकी बाई, दहा घरे फिरून आलेली, कोवळ्या बाळाला कशाला हात लावू द्यायचा? आणि काहींचे म्हणणे असे की बाळंतपण दवाखान्यात झाले, टाके-टोचणी सगळे तिथेच झाले, आता घरी येऊन ही बाई वेगळे काय करणार?

यातला एकही प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. म्हणून या महिन्याचे सदर आम्ही याच एका प्रश्नाला दिले आहे. कारण दारातून परत पाठवलेल्या आशाताईबरोबर कधीकधी एखाद्या जिवाच्या वाचण्याची संधीही परत जाते.

धोका दवाखान्यातून घरी आला

आपल्या आज्यांच्या काळी बाळंतपण घरीच होई. दाई येई, नाळ कापी, आणि पुढचे अल्लाहच्या हवाली. आज चित्र पुष्कळ बदलले आहे. २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आली. २०११ मध्ये जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम आला आणि सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त, जेवण, नेण्या-आणण्याची गाडी हे सारे मोफत झाले. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील शंभरातली जवळपास ९५ बाळंतपणे दवाखान्यात झाल्याचे दिसले. २०१८-२० या काळात राज्यात एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातांचा मृत्यू झाला. देशाचा आकडा तेव्हा ९७ होता. अलहमदुलिल्लाह, ही मोठी मजल आहे.

पण साधे बाळंतपण झालेली बाई साधारण दोन दिवसांत घरी येते. आणि जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांत जी बाळे दगावतात, त्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश पहिल्या आठवड्यातच दगावतात. म्हणजे त्या आठवड्याचे बहुतेक दिवस बाळ घरी असते. आईचेही तसेच. रक्तस्राव, जंतुसंसर्गाचा ताप, वाढलेल्या रक्तदाबाने येणारे झटके हे धोके बाळंतपणाच्या टेबलावर संपत नाहीत. ते पुढे काही आठवडे पाठीशी असतात. दवाखान्यात नर्स होती. घरी कोण आहे?

या प्रश्नाचे एक उत्तर आपल्याच महाराष्ट्रात सापडले.

गडचिरोलीने दाखवलेली वाट

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ ही संस्था १९८६ मध्ये सुरू केली. जंगलाचा मुलूख, दवाखाना लांब, रस्ते नाहीत. आजारी नवजात बाळाला दवाखान्यात नेणे बहुतेक घरांना शक्यच नव्हते. तेव्हा त्यांनी उलटा विचार केला. बाळ दवाखान्यात येत नसेल, तर दवाखाना बाळाच्या घरी गेला पाहिजे. त्यांनी ३९ गावांमध्ये गावातल्याच, थोडेफार शिकलेल्या बायकांना तयार केले. बाळाचे वजन करणे, ताप मोजणे, श्वास मोजणे, ऊब देणे, अंगावर पाजायला शिकवणे, जंतुसंसर्गाची चिन्हे ओळखणे आणि गरज पडल्यास औषध देणे ही कामे त्या करू लागल्या.

या कामाचा अहवाल १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. या गावांमधले नवजात बाळांचे मृत्यू शेजारच्या गावांच्या तुलनेत सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. मोठे यंत्र नव्हते, मोठी इमारत नव्हती. शिकवलेली बाई होती आणि तिच्यासाठी उघडलेले दार होते.

हीच पद्धत केंद्र सरकारने २०११ मध्ये देशभर घेतली आणि आशाताईंकडे सोपवली. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर जन्मानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी आशाताईने घरी यायचे. घरी बाळंतपण झाले असेल तर पहिल्या दिवशीही यायचे. कार्यक्रम सुरू झाला तेव्हा या सर्व फेऱ्यांसाठी तिला मिळून २५० रुपये ठरले होते. म्हणजे ती दारात येते ती पैशांच्या मोहाने येते, असे समजण्याचे कारण नाही.

आता हे दिवस नीट पाहा. आपल्याकडे अकीका सातव्या दिवशी करतात. नाही जमले तर अनेक उलमा चौदावा किंवा एकविसावा दिवस सांगतात. आपला चिल्ला चाळीस दिवसांचा, सरकारचे दिवस बेचाळीस. ज्या दिवसांत आपल्या घरांनी जच्चा-बच्चाला जपायचे ठरवले, त्याच दिवसांत आशाताईच्या फेऱ्या आहेत. दोघांचा हेतू एकच आहे. मग भांडण कशाचे?

चाळीस दिवसांबद्दल दीन काय सांगतो

बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाला शरीअतमध्ये निफास म्हणतात. हनफी मसलकानुसार त्याची जास्तीत जास्त मुदत चाळीस दिवस, शाफई मसलकानुसार साठ दिवस. आपले कोकणी बांधव बहुतांशी शाफई आहेत. कमीत कमी मुदत मात्र ठरलेली नाही. रक्त आधीच थांबले तर गुस्ल करून नमाज सुरू करायची. या काळात नमाज माफ आहे, रोजे नंतर ठेवायचे आहेत. हा दीनचा हुकूम. तपशील आपापल्या आलिमांना विचारून घ्यावा.

यात कुठेही असे नाही की बाईला अंधाऱ्या खोलीत कोंडावे, तिच्या हातचे पाणी पिऊ नये, तिच्याजवळ कुणी बसू नये. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मासिक पाळीच्या काळातही पत्नीसोबत खाणेपिणे, उठणेबसणे चालू ठेवले आणि बायकांना त्या दिवसांत वेगळे टाकण्याची चाल मोडली. नमाज माफ आहे ती सवलत आहे, बाईला विटाळ मानण्याचा परवाना नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. फिकहच्या जाणकारांनी निफासचे रक्त आणि आजाराचे रक्त यांत फरक केला. मुदतीपलीकडे चालू राहणाऱ्या रक्ताला त्यांनी इस्तिहाजा म्हटले आणि त्याचे नियम वेगळे सांगितले. म्हणजे बाळंतिणीच्या रक्ताकडे लक्ष ठेवणे, कधी थांबले, किती गेले हे पाहणे, ही आपल्या परंपरेतलीच गोष्ट आहे. आशाताई नेमके तेच विचारते. फक्त चाळीस दिवसांची वाट पाहू नये. जास्त रक्त पहिल्या दिवशी गेले तरी तो आजारच आहे.

पडद्याचा प्रश्नही अवघड नाही. आशाताई बाईच आहे. ती आली की पुरुषांनी बाहेरच्या खोलीत बसावे. तिला साबणाने हात धुवायला सांगावे. ते सांगण्याचा आपल्याला हक्क आहे, आणि शिकलेली आशाताई हात धुतल्याशिवाय बाळाला घेतही नाही. उलट अकीक्याच्या दिवशी बाळाला हातोहात फिरवणाऱ्या पाहुण्यांना आपण हात धुवायला सांगत नाही, हे जरा विचार करण्यासारखे आहे. सातव्या दिवशी अकीका असेल तर पाहुणे येण्याआधी सकाळीच तिच्याकडून बाळाचे वजन करून घ्यावे. बाळ अडीच किलोपेक्षा कमी असेल, नीट पीत नसेल, तर गर्दी टाळावी. मुंडण आणि दावत पुढच्या तारखेला घेता येते.

दादी-नानींच्या रीती: काय ठेवावे, काय सोडावे

आमच्या मते चिल्ल्याची मूळ कल्पना फार सुंदर आहे. बाईला कामातून सुट्टी, अंगाची मालीश, अछवानी, हरीरा, डिंकाचे लाडू, बाळाजवळ पडून राहण्याची मुभा. मोठमोठ्या पगाराच्या नोकरीत मिळत नाही इतका आराम आपल्या दादी-नानींनी सुनेला दिला. तो जपलाच पाहिजे. पण त्याबरोबर काही गोष्टी अशा चिकटल्या आहेत की त्यांनी नुकसान होते.

पहिली गोष्ट चिकाची. बाळंतपणानंतरचे पहिले पिवळसर, घट्ट दूध काही घरांत अजून पिळून टाकतात. हे दूध बाळाची पहिली लस आहे. जन्मल्यावर तासाभरात बाळाला छातीशी लावावे. पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीही नको, पाणीसुद्धा नको. कुरआनमध्ये सूरह बकराच्या २३३ व्या आयतीत दोन वर्षांपर्यंत पाजण्याचा उल्लेख आहे आणि पाजणाऱ्या आईच्या अन्न-वस्त्राची जबाबदारी बापावर टाकली आहे. म्हणजे बाळाचे दूध हा केवळ आईचा मामला नाही. तिच्या ताटात काय पडते, याचा जाब बापाला द्यायचा आहे.

दुसरी गोष्ट तहनीक आणि घुट्टी. खजुराचा मऊ अंश स्वच्छ बोटाने टाळूला लावणे ही सुन्नत आहे. पण तिच्या नावाखाली दिवसभर मध चाटवणे, घुट्टी उगाळून देणे, साखरेचे पाणी पाजणे ही सुन्नत नव्हे. एक वर्षाच्या आतील बाळाला मध देऊच नये, त्यातून जीवघेणा आजार होऊ शकतो. बाळ अपुऱ्या दिवसांचे किंवा अशक्त असेल तर तहनीकही डॉक्टरांना विचारून करावी.

तिसरी गोष्ट आंघोळीची. अजान देण्याआधी बाळाला न्हाऊ घातलेच पाहिजे, असा समज आहे. अजानसाठी तशी अट नाही. कोरड्या कपड्याने पुसून, गुंडाळून, आईजवळ असलेल्या बाळाच्या कानातही अजान देता येते. पहिल्या दिवशी आंघोळ घातल्याने बाळ गार पडते आणि गार पडलेले बाळ लवकर खचते. कमी वजनाच्या बाळाला तर नर्स किंवा आशाताई सांगेपर्यंत न्हाऊ घालू नये. त्याला आईच्या उघड्या छातीशी, कातडीला कातडी लावून ठेवावे. आईची ऊब हीच सर्वांत चांगली शेगडी.

चौथी गोष्ट धुराची. बंद खोलीत शेगडी, वरून लोबान. बाळाच्या फुप्फुसांना हा धूर सोसत नाही. सुगंध हवाच असेल तर बाहेरच्या खोलीत करावा.

पाचवी गोष्ट खाण्यापिण्याची. बाळंतिणीला पाणी कमी द्यायचे, भाजी द्यायची नाही, फळ थंड पडते म्हणून वर्ज्य, ही पथ्ये सोडावीत. पाजणाऱ्या आईला तहान जास्त लागते, भूक जास्त लागते. डाळ, अंडी, मटणाचा रस्सा, हिरव्या भाज्या, फळे सारे द्यावे. आपल्या राज्यात निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. म्हणून लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतरही सहा महिने रोज घ्यायच्या असतात. चहासोबत घेऊ नयेत, लिंबू किंवा आवळ्यासोबत घ्याव्यात. हजरत मरियम (अ.) यांना प्रसूतीच्या वेणांत खजूर खाण्याचा, पाणी पिण्याचा आणि मन शांत ठेवण्याचा दिलासा दिल्याचा उल्लेख सूरह मरियममध्ये आहे. खाणे, पाणी आणि मनाची शांती, बाळंतिणीची गरज आजही हीच आहे.

ही चिन्हे दिसली की वाट पाहू नका

पुढील ओळी कापून जच्चेच्या खोलीत लावाव्यात, अशी आमची विनंती आहे.

बाळासाठी: दूध ओढत नाही किंवा ओढणे एकदम कमी झाले. अंग गार लागते किंवा तापले आहे. शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजल्यावर श्वास ६० किंवा त्याहून जास्त आहेत. श्वास घेताना छाती खाली आत ओढली जाते. हातापायांचे तळवे पिवळे दिसतात. बाळ सुस्त पडले आहे किंवा झटके येतात. बेंबीतून पू येतो.

आईसाठी: कपडा भराभर भिजतो, गाठी जातात. ताप येतो, स्रावाला दुर्गंध येतो. डोके फार दुखते, डोळ्यांपुढे अंधारी येते, झटके येतात. एका पायाची पोटरी सुजून दुखते. धाप लागते. स्तन लाल, कडक होऊन दुखतात. आई सारखी रडते, बाळाकडे पाहत नाही, जिवाचे वाईट बोलते. हे शेवटचेही आजाराचेच लक्षण आहे. त्याला नाटक म्हणू नये आणि केवळ दम करून सोडून देऊ नये. दुआ करावी, दवाही करावी. प्रेषितांनी (स.) दोन्हींची शिकवण दिली आहे.

यातले एकही चिन्ह दिसले तर १०८ ला फोन लावावा. गर्भवती, बाळंतीण आणि बाळाला नेण्यासाठी १०२ ची गाडीही असते. आजारी बाळाला एक वर्षाचे होईपर्यंत सरकारी दवाखान्यात मोफत उपचार मिळण्याची तरतूद आहे. जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांसाठी स्वतंत्र विशेष कक्ष असतो.

रात्री दोन वाजता निर्णय कोण घेणार?

गाडी आहे, दवाखाना आहे, उपचार मोफत आहेत. तरीही जीव जातो, तो पुष्कळदा घरातच झालेल्या उशिराने. सून म्हणते, बाळ पीत नाही. सासूबाई म्हणतात, सकाळी बघू. नवरा भिवंडीत किंवा मालेगावात रात्रपाळीला लूमवर असतो, किंवा कोकणातल्या कितीतरी घरांप्रमाणे आखातात. त्याला विचारल्याशिवाय बाईला घराबाहेर काढायचे कसे, म्हणून फोन लावत बसतात. नवजात बाळाच्या बाबतीत सकाळ ही फार लांबची गोष्ट असते.

म्हणून आमचे प्रत्येक पतीला सांगणे आहे की आठव्या महिन्यातच घरातल्या सर्वांसमोर स्पष्ट सांगून ठेवा: धोक्याचे चिन्ह दिसले तर मला विचारू नका, निघा. थोडे पैसे बाजूला काढून बायकोच्या हातात द्या. शेजारच्या रिक्षावाल्या भावाचा नंबर, आशाताईचा नंबर भिंतीवर लिहा. सोबत कोण जाणार, घरच्या लेकरांना कोण पाहणार, हे आधीच ठरवा. आणि सासूबाईंना आमचे सांगणे असे की आशाताईच्या फेरीला तुम्ही स्वतः जवळ बसा. ती काय पाहते ते बघा, विचारा. घरात सर्वाधिक बाळंतपणे तुम्ही पाहिली आहेत. तुमच्या अनुभवाला तिचा वजनकाटा आणि थर्मामीटर जोडला, तर त्या घरासारखे सुरक्षित घर नाही.

एक अडचण आपल्या रिवाजातूनच येते. पहिले बाळंतपण माहेरी. नाव नोंदवलेले सासरी, कार्ड सासरी, आणि बाळ माहेरी. मग सासरची आशाताई म्हणते बाई इथे नाही, माहेरची म्हणते बाई माझ्या यादीत नाही, आणि सगळ्या फेऱ्या बुडतात. यावर उपाय सोपा आहे. माहेरी जाताना माता व बाल संरक्षण कार्ड सोबत न्यावे आणि पोहोचल्याच्या आठवड्यात तिथल्या आशाताईला किंवा अंगणवाडीत कळवावे. पहिल्या बाळासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे पाच हजार रुपये, आणि दुसरी मुलगी झाल्यास सहा हजार रुपये पात्र मातांना मिळतात. त्यासाठी आधार कार्डावरचे आणि बँक खात्यावरचे नाव एक आहे ना, तेही आधीच पाहून ठेवावे. निकाहनंतर एका कागदावर माहेरचे आणि दुसऱ्यावर सासरचे नाव राहिले, तर पैसे अडकतात.

हजरत उमर (रजि.) यांनी बदललेला नियम

हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीतला एक प्रसंग इतिहासाच्या जुन्या ग्रंथांत येतो. बैतुलमालमधून लहान मुलांना वजीफा मिळे, पण तो दूध तुटल्यानंतर. एका रात्री गस्त घालताना त्यांना एक मूल सारखे रडताना ऐकू आले. चौकशी केली तेव्हा कळले की वजीफा लवकर सुरू व्हावा म्हणून आई त्या लेकराचे दूध वेळेआधी तोडत होती. हजरत उमर (रजि.) हादरले. आपल्या नियमाने किती लेकरांचे हाल झाले असतील, या विचाराने ते रडले, आणि त्यांनी नियम बदलला. वजीफा जन्मापासूनच मिळेल, असे जाहीर केले.

यात राज्यकर्त्यांसाठी धडा आहे. योजना कागदावर चांगली असून भागत नाही, ती आईच्या कुशीपर्यंत काय परिणाम करते ते रात्री उठून पाहावे लागते. ज्या मोहल्ल्यात आशाताईच नेमलेली नाही, जिथे तिचा मोबदला महिनोन्महिने थकतो, तिथे सहा फेऱ्यांचे वचन पोकळ राहते. ते आपण ग्रामसभेत, नगरसेवकाकडे, आरोग्य केंद्रात जाऊन विचारले पाहिजे. हा आपला हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नाही.

धडा आपल्यासाठीही आहे. एवढ्या मोठ्या खलिफाने लेकराच्या रडण्यापुढे आपला नियम बदलला. मग ज्या रीतीला ना कुरआनचा आधार ना सुन्नतचा, ती बदलायला आपल्याला इतका वेळ का लागावा? चिल्ला जरूर पाळा. जच्चेला आराम द्या, अछवानी द्या, गर्दीपासून जपा. फक्त आशाताई आली की दार उघडा, तिला बसायला द्या, पाणी द्या, आणि बाळाला तिच्या काट्यावर ठेवा.

अल्लाह आपल्या सर्व जच्चा-बच्चांना आपल्या हिफाजतीत ठेवो आणि त्यांच्या सेवेत उन्हातान्हात फिरणाऱ्या भगिनींना उत्तम मोबदला देवो. आमीन.